जंगली सफरचंदात काय काय असतं ते ऐरोलीच्या किचनमध्ये कसं बघायचं

भाचा सप्टेंबरमध्ये हिमाचलला जाऊन आला आणि येताना बुटांच्या खोक्यात भरून दीडेक किलो बारकी बारकी सफरचंदं घेऊन आला. कोटगढजवळ थानेदार म्हणून गाव आहे, तिथे राहिला होता, आणि "मावशी, ठाण्याहून थानेदारला गेलो" हा जोक त्याने आल्यापासून निदान चार वेळा मारला. हे तेच गाव जिथे सॅम्युअल स्टोक्स नावाच्या अमेरिकन माणसाने १९१६ च्या सुमारास डेलिशियस सफरचंदाची झाडं लावली आणि हिमाचलच्या सफरचंदाचा धंदा उभा राहिला. तर त्या बागांमध्ये मोठ्या सफरचंदांच्या मध्ये मध्ये ही क्रॅब अ‍ॅपलची, म्हणजे बारक्या जंगली सफरचंदाची, झाडं लावतात, कारण डेलिशियसला स्वतःच्या परागाने फळ नीट धरत नाही, दुसऱ्या जातीचा पराग लागतो, आणि क्रॅबला फुलं ढिगाने येतात. बागवाला भाच्याला म्हणाला हे खायचं नसतं, हे मधमाश्यांसाठी, हवं तेवढं ने.

खायचं नसतं म्हटल्यावर मी पहिलं काम काय केलं तर एक तोंडात टाकलं. आधी आंबट, इतकं की डावा डोळा आपोआप मिटला. मग दोन सेकंदांनी जीभ आणि गालाची आतली बाजू कच्ची सुपारी चावल्यासारखी आवळून आली. आणि गिळल्यावर घशाशी एक कडवटपणा राहिला तो चहा प्यायल्यावरच गेला. सगळं केमिस्ट्रीचं पुस्तक या तीन चवींमध्ये आहे हो. आंबट म्हणजे मुख्यतः मॅलिक अ‍ॅसिड. तुरट म्हणजे टॅनिन, सफरचंदाच्या बाबतीत प्रोसायनिडिन नावाच्या साखळ्या, त्या लाळेतल्या प्रोटीनला धरून बसतात म्हणून तोंड कोरडं पडल्यासारखं होतं. आणि साखळी लहान असेल तर ती तुरटपेक्षा कडू जास्त लागते, मोठी असेल तर तुरट जास्त.

मी चौदा वर्षं रबाळेच्या पट्ट्यात एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे माल तपासायच्या खात्यात, होते, आता घरीच असते, त्यामुळे हात शिवशिवतात. त्यात पुतणीला बारावीचा प्रोजेक्ट करायचा होता आणि तिला विषय सुचत नव्हता. म्हटलं हाच घे. आम्ही दोघींनी तीन रविवार घालवले, ओटा दोनदा काळा केला, आणि जे जमलं ते खाली लिहितेय, कोणाच्या मुलांना करायचं असेल तर.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते, बाकी सगळं विसरलात तरी ही विसरू नका. घरी "किती आहे" हे नीट मोजता येत नाही, "कशात जास्त आहे" हे मात्र मस्त कळतं. त्यासाठी प्रत्येक टेस्ट तीन ग्लासात करायची, एकात जंगली सफरचंद, एकात बाजारातलं, आणि तिसऱ्यात नुसतं पाणी, बाकी सगळं तेच. या तिसऱ्याला ब्लँक म्हणतात. ब्लँक नसेल तर काही बघितलंच नाही असं समजा. ब्लँक न ठेवल्याने आमची काय फजिती झाली ते पुढे येईलच.

आता आधी फळ कुठलं ते. मराठीत विचारलंत तर लोक काहीही हातात देतील. कवठाला इंग्रजीत वुड अ‍ॅपल म्हणतात पण ते लिंबाच्या खानदानातलं, सीताफळ कस्टर्ड अ‍ॅपल पण त्याचा सफरचंदाशी काडीचा संबंध नाही, आणि उन्हाळ्यात गाडीवर जे पांढरे-गुलाबी जाम मिळतात ते वॉटर अ‍ॅपल, ते जांभळाचे भाऊबंद. आपल्याला हवं ते मॅलस, म्हणजे खरं सफरचंदाचं खानदान. ओळखायची एक सोपी खूण म्हणजे फळ उलटं करायचं. बाजारच्या सफरचंदाच्या बुडाला खळगा असतो आणि त्यात वाळलेल्या फुलाच्या पाकळ्यांसारखं काहीतरी चिकटलेलं असतं, ते कळीवरचं हिरवं कव्हर. हिमालयात, सैबेरियात जे मॅलस बकाटा होतं, चणीबोराएवढं, लांब बारीक देठाचं, त्याला बुडाशी हे नसतंच, गळून पडलेलं असतं, नुसता एक गोल डाग राहतो. भाच्याच्या खोक्यात दोन्ही होती, बोराएवढी साफ बुडाची आणि लिंबाएवढी शेंडीवाली. आडवं कापलंत तर मध्ये तारा दिसतो, मोठ्या सफरचंदात दिसतो तसाच, फक्त इतका बारका की पुतणीने मोबाईलवर झूम करून दाखवला.

आणि आपण जे रोज खातो त्याचा मूळ पूर्वज या दोघांपैकी नाही बरं का. तो मॅलस सिव्हर्साय, कझाकस्तानात तिएन शान डोंगरांच्या पायथ्याला त्याची अजून जंगलं आहेत. रशियन शास्त्रज्ञ वाव्हिलोव्ह १९२९ मध्ये अल्माटीला गेला तेव्हा ती जंगलं बघूनच त्याने सांगितलं होतं की सफरचंद इथलं, आणि २०१० मध्ये सफरचंदाचा जिनोम वाचल्यावर ते पक्कं झालं. त्याच भागात आतून लाल निघणारं एक सफरचंद आहे, निडझ्वेट्झकियाना (हे नाव उच्चारायला मी दोन दिवस घेतले). म्हणजे जंगली म्हटलं की सगळी एकसारखी नाहीत, कोणी भयंकर तुरट, कोणी बऱ्यापैकी गोड, एकाच जंगलातली शेजारची दोन झाडंही वेगळी.

हिमाचलला जाणारं कोणी नसेल तर? वाशीच्या एपीएमसीच्या फळ मार्केटमध्ये क्रॅब अ‍ॅपल मिळणार नाही, उगाच फेरी मारू नका, मी मारली. त्याऐवजी हिरवं आंबट ग्रॅनी स्मिथ आणि लाल डेलिशियस यांची तुलना करा, किंवा बाजूला आवळा, चणीबोर, कच्चं करवंद घ्या. टेस्ट सगळ्या त्याच.

तयारीत सगळ्यात जास्त चुका होतात म्हणून इथे जरा थांबते. फळ धुवायचं, बाजारचं असेल तर कोमट पाण्याने चोळून, कारण त्यावर बऱ्याचदा मेणाचा हात असतो. सफरचंदाचं स्वतःचं पण मेण असतं हां, त्यात उर्सोलिक अ‍ॅसिड असतं, म्हणून तर झाडावरचं धुरकट दिसणारं फळ शर्टाला पुसलं की चकाकतं. मग बिया काढायच्या. बारक्या फळात हे महाकंटाळवाणं काम आहे, वीस ग्रॅमला पुतणी अर्धा तास बसली होती, पण करायचंच, कारण बियांमध्ये अमिग्डालिन असतं आणि मिक्सरमध्ये बी फुटली की त्यातून सायनाइड सुटतं. चुकून एखादी बी गिळली तर काही होत नाही, ती जशीच्या तशी बाहेर जाते, पण दळायची नाही. आणि टेस्टचं पाणी कोणी चाखायचं नाही, हे मुलांना आधी सांगा.

वजन किचनच्या काट्यावर, प्रत्येकी २० ग्रॅम फोडी, सालासकट. आता इथे ट्रिक. फोडी थेट मिक्सरमध्ये टाकायच्या नाहीत. आम्ही पहिल्या रविवारी टाकल्या, तेवढ्यात माझा फोन आला, बोलून येईपर्यंत रस चहासारखा. सफरचंद कापलं की त्यातलं एन्झाइम, पॉलिफेनॉल ऑक्सिडेज, हवेतला ऑक्सिजन घेऊन क्लोरोजेनिक अ‍ॅसिड आणि कॅटेचिन वगैरेंना तपकिरी करून टाकतं, म्हणजे जे बघायचंय तेच खाऊन टाकतं. म्हणून फोडी उकळत्या पाण्यात टाकायच्या, चारपाच मिनिटं उकळायच्या, एन्झाइम मेलं, मग त्याच पाण्यासकट मिक्सर, सुती कपड्यातून पिळून गाळायचं आणि पाणी घालून बरोबर १०० मिली करायचं. म्हणजे ५० मिली पाण्यात १० ग्रॅम फळाचा ऐवज आला. कॉलेजला लिहायला हे फार बरं पडतं. मिक्सरचं भांडं दोन फळांच्या मध्ये धुवा, हे सांगायची गरज नाही पण सांगते.

थोड्या कच्च्या फोडी मात्र बाजूला ठेवायच्या, एन्झाइमचाच खेळ बघायला. दोन्ही सफरचंदांच्या सारख्या जाडीच्या चकत्या करा आणि ताटात मांडा, एक नुसती, एक लिंबू लावलेली, एक मिठाच्या पाण्यात बुडवलेली, एक मिनिटभर उकळलेली. मोबाईल एका जागी टेकवून दर पाच मिनिटांनी फोटो. ऑक्टोबर हीटमध्ये केलंत तर अर्ध्या तासात निकाल लागतो. आमच्याकडे क्रॅबची नुसती चकती सात मिनिटांत पेन्सिलने शेड केल्यासारखी झाली, उकळलेली संध्याकाळपर्यंत तशीच होती. पण एक लक्षात ठेवा, जास्त काळं म्हणजे जास्त पॉलिफेनॉल (टॅनिन, कॅटेचिन वगैरे सगळ्यांचं मिळून नाव) असं सरळ लिहू नका, एन्झाइम किती आहे त्यावर पण ते अवलंबून असतं.

आता खरी मजा. घरात जुनी लोखंडी विळी आहे का? आमच्या सासूबाईंची आहे, माळ्यावर. तिच्यावर केळफूल चिरलं की पातं काळं होतं आणि बोटंही काळी होतात, ते सगळ्या आयांनी बघितलंय. ते टॅनिन आणि लोखंडाचं लग्न. विळीवर आधी बाजारचं सफरचंद कापलं, पात्यावर जेमतेम राखाडी रेघ. पुसून क्रॅब कापलं तर कडेला काळसर हिरवी ओळ उठली, फोडीवर पण. सासूबाई म्हणाल्या, "हे आम्ही सांगत होतो तेव्हा तुम्हाला स्टीलच्या सुऱ्या पाहिजे होत्या."

हीच टेस्ट ग्लासात करायची तर दोन गंजके लोखंडी खिळे अर्धा कप व्हिनेगरमध्ये दोन दिवस टाकून ठेवा, झाकण घट्ट लावू नका कारण गॅस सुटतो. स्टेनलेसचे स्क्रू चालत नाहीत. जे पिवळट तपकिरी पाणी होईल ते आपलं रिएजंट, म्हणजे टेस्टचं औषध. ग्लासात फळाचं पाणी ५ मिली, त्यात खायचा सोडा चिमटीच्या टोकावर बसेल इतकाच, कारण सफरचंदाचं अ‍ॅसिड लोखंडाला स्वतःकडे धरून ठेवतं आणि रंग दबतो, आणि वर खिळ्याच्या पाण्याचे ३ थेंब. सोडा जास्त पडला तर गंजाचा गाळ बसतो आणि सगळंच तपकिरी दिसतं, मग परत करा. ब्लँकमध्ये नुसतं पिवळट गंजकं पाणी दिसेल. सफरचंदात हिरवट काळा रंग येतो. आम्ही बाजूला हिरड्याची पूड भिजवून तिचं पाणी पण घेतलं होतं, ते झालं निळं-काळं, अगदी शाईसारखं. टॅनिनची जात वेगळी म्हणून रंग वेगळा, हिरडा-आवळ्यातलं गॅलिक घराण्यातलं, सफरचंदातलं कॅटेचिन घराण्यातलं. पुतणीला हा फरक इतका आवडला की तिने प्रोजेक्टचं कव्हर तेच केलं.

यात आकडा पाहिजे असेल तर खिळ्याचं पाणी टाकायच्या आधी क्रॅबचं पाणी दुप्पट, चौपट, सहापट, आठपट पातळ करून वेगवेगळे ग्लास लावा, आणि कुठल्या ग्लासाचा रंग बाजारच्या सफरचंदाच्या न पातळ केलेल्या ग्लासाशी जुळतो ते पांढरा कागद मागे धरून बघा. आमचा सहापटवाला जुळला. म्हणजे लोखंडाशी रंग देणारा माल त्या क्रॅबमध्ये साधारण सहापट. घरच्या सामानात याहून जास्त कोणी मागू नये.

पण थांबा, यातलं थोडं श्रेय भूमितीला पण जातं. क्वेर्सेटिन म्हणून आणखी एक पॉलिफेनॉल आहे, त्याचे प्रकार जवळजवळ सगळे सालीत असतात, बाकीचे पण बरेच सालीत दाटलेले. आता दीड सेंटीमीटरचं फळ आणि साडेसात सेंटीमीटरचं फळ घ्या, सारख्या वजनाला बारक्याला पाचपट साल येते. म्हणून सालासकट एक पाणी आणि साल काढून एक पाणी असं वेगळं करून बघा. साल काढल्यावरही आमचं क्रॅब पुढेच राहिलं, पण अंतर कमी झालं, आणि परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं म्हणे.

प्रोटीनची टेस्ट, म्हणजेच फजिती. टॅनिन प्रोटीनला धरतं हे माहीत होतं म्हणून आम्ही दुधात क्रॅबचं पाणी टाकलं. दूध फाटलं. पुतणी ओरडली, "काकू, टॅनिन, टॅनिन!" मी पण खूश, चौदा वर्षांचा अनुभव खड्ड्यात. मग संध्याकाळी भांडी घासताना डोक्यात आलं की बये, लिंबाने पण दूध फाटतंच की, पनीर काय टॅनिनने करतो का आपण. लिंबूपाणी टाकून बघितलं, तसंच फाटलं. म्हणजे ते अ‍ॅसिडचं काम होतं, आणि आम्ही आंबट ब्लँक ठेवला नव्हता. म्हणून दूध नको. केकचं सामान मिळतं त्या दुकानातून साधं जिलेटिन आणा, पाव चमचा अर्धा कप गरम पाण्यात विरघळवा, चिमूटभर मीठ, थंड होऊ द्या, आणि त्यात फळाचं गाळून एकदम नितळ केलेलं पाणी थेंब थेंब टाका. टॅनिन असेल तर ढगासारखं गढूळ होतं आणि तासाभराने तळाला बसतं. लिंबूपाण्याच्या ग्लासात काही होत नाही. शाकाहारी घर असेल आणि जिलेटिन नको असेल तर चायना ग्रास वापरू नका, ते प्रोटीन नाहीये, काही होणारच नाही. अंडं चालत असेल तर पांढरा बलक पाण्यात मिसळून, गाळून, तोही चालतो.

आंबटपणा मात्र चक्क आकड्यात काढता येतो आणि ही माझी आवडती टेस्ट, कारण टायट्रेशन, म्हणजे रंग बदलेपर्यंत थोडं थोडं टाकून मोजणं. मॅलिक अ‍ॅसिड पहिल्यांदा सफरचंदाच्या रसातूनच वेगळं केलं होतं, १७८५ मध्ये, शीले नावाच्या स्वीडिश केमिस्टने. खायचा सोडा १० ग्रॅम तोलून एक लिटर थंड पाण्यात विरघळवा (१ ग्रॅम तोलायला जाऊ नका, किचनचा काटा तिथे खोटं बोलतो). इंडिकेटर म्हणून निळी गोकर्ण, ऐरोलीत दर तिसऱ्या सोसायटीच्या कुंपणावर आहे, पाचसहा फुलं अर्धा कप गरम पाण्यात. फळ या टेस्टसाठी सोलून घ्यायचं, नाहीतर सालीचा लाल रंग मध्ये येतो. त्याचं ५० मिली पाणी कोमट करा, गोकर्णाचं पाणी एक चमचा घाला, जांभळट गुलाबी होईल. मेडिकलमधून ५ मिलीची सिरिंज आणा, सुई नको म्हणून सांगा, आणि सोड्याचं पाणी थोडं थोडं टाकत ढवळत राहा. फेस येतो तो कार्बन डायऑक्साइड, तो पाण्यात राहिला तर पाणी उगाच आंबट दाखवतं, म्हणून कोमट आणि खूप ढवळायचं. रंग निळा झाला आणि मिनिटभर निळाच राहिला की थांबा. हिरवट झाला तर पुढे गेलात. १ मिली सोड्याच्या पाण्याला साधारण ८ मिलीग्राम मॅलिक अ‍ॅसिड. आम्हाला लाल डेलिशियसला ३.५ मिली लागलं, म्हणजे १० ग्रॅम फळात २८ मिलीग्राम, म्हणजे ०.२८ टक्के. क्रॅबला १५ मिली लागलं, तीन वेळा सिरिंज भरली, १.२ टक्के. दोनदा केलं, ड्युप्लिकेट जुळलं, तेव्हाच मी ते वहीत लिहू दिलं.

हा आकडा कशाशी लावायचा? इंग्लंडमध्ये सायडर करायच्या सफरचंदांची जुनी वर्गवारी आहे, रसात अ‍ॅसिड ०.४५ टक्क्याच्या वर असेल तर आंबट, टॅनिन ०.२ टक्क्याच्या वर असेल तर कडू, दोन्ही असेल तर बिटरशार्प. आमचं क्रॅब अ‍ॅसिडच्या बाजूने तर सहज पास, आणि टॅनिनचा निकाल जिभेने आधीच दिला होता.

लाल रंगाचं थोडक्यात. लाल साल चाकूने खरवडून लिंबू पिळलेल्या गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवली की गुलाबी पाणी मिळतं, त्यात सोडा टाकला की निळसर-हिरवट होतं, लिंबू टाकलं की परत गुलाबी. हे अँथोसायनिन, सफरचंदात मुख्यतः सायनिडिन गॅलॅक्टोसाइड. त्याला ऊन लागतं, म्हणून फळावर पान चिकटून राहिलं असेल तर तिथे पानाच्या आकाराचा हिरवा-पिवळा डाग राहतो. आमच्या खोक्यात असं एक फळ होतं, अगदी पानाची शीर पण दिसत होती. ते टेस्टला वापरायला पुतणीने दिलंच नाही.

पेक्टिन म्हणजे ज्याने जॅम-जेली आळते ते. त्यासाठी फळ थोड्या पाण्यात मऊ शिजवून गाळलेल्या रसाचा एक चमचा घ्या, थंड करा, त्यात तीन चमचे सर्जिकल स्पिरिट घालून हलक्या हाताने फिरवा. घट्ट गोळा झाला तर पेक्टिन भरपूर, चिंध्या झाल्या तर बेताचं. गॅस बंद करूनच करा, स्पिरिट पेट घेतं. आणि सॅनिटायझरचं जेल वापरू नका, ते आधीच गोळा असतं. क्रॅबचा गोळा काट्या-चमच्यावर उचलून धरता आला, गिळगिळीत, लहान मुलाच्या नाकासारखा, सॉरी पण तसाच.

आता समोरचे काका. डायबेटिसवाले आहेत, रोज डॅपाग्लिफ्लोझिनची गोळी घेतात, आणि त्यांनी कुठेतरी वाचलं की ही गोळी सफरचंदाच्या झाडातून आली, तर म्हणाले मग ही फळं वाळवून पूड करून घेतली तर? वाचलेलं अर्धं खरं आहे. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये फ्लोरिडझिन नावाचं कडू द्रव्य काढलं गेलं. १८८६ मध्ये फॉन मेरिंग या जर्मन डॉक्टरने दाखवलं की ते दिलं की लघवीतून साखर जाते, कारण किडनी साखर परत ओढून घेते ते काम ते थांबवतं. पण तोंडाने घेतलं तर आतड्यातच ते तुटतं आणि रक्तात फारसं पोचत नाही. म्हणून केमिस्टांनी त्यातला साखरेचा जोड बदलून न तुटणारा केला, तेव्हा गोळी झाली. शिवाय फ्लोरिडझिन पानं, झाडाची साल, बिया यांत जास्त आणि फळाच्या गरात कमी, आणि काही आशियाई जंगली जातींच्या पानांत तर त्याच्या जागी ट्रायलोबॅटिन आणि सिबोल्डिन ही त्याची भावंडं असतात. मी काकांना सांगितलं, काका, पूडबिड काही नको, २०२० मध्ये पेटंट संपल्यापासून गोळी स्वस्त झालीय, तीच घ्या डॉक्टर सांगतात तशी. ते म्हणाले ठीक आहे, पण एक फळ चाखायला दे. दिलं. त्यानंतर परत विषय काढला नाही त्यांनी.

प्रोजेक्ट लिहिताना इंटरनेटवरचे आकडे टाकाल तेव्हा एक जागा सांभाळा. पेपरमध्ये "मिलीग्राम गॅलिक अ‍ॅसिड इक्विव्हॅलंट" असं असतं, म्हणजे फळात गॅलिक अ‍ॅसिड आहे असं नाही, तर फॉलिन रिएजंटने (लॅबमध्ये पॉलिफेनॉल मोजायला वापरतात ते) जो निळा रंग आला तो तेवढ्या गॅलिक अ‍ॅसिडइतका होता. आणि व्हिटॅमिन सी पण त्याच रिएजंटला निळं करतं. त्याहून मोठी गडबड म्हणजे आकडा ताज्या फळाचा की वाळवलेल्या. सफरचंदात साधारण ८५ टक्के पाणी, १०० ग्रॅमचे वाळून १५ ग्रॅम उरतात, म्हणजे तेच फळ वाळवलेल्या वजनावर साडेसहापट श्रीमंत दिसतं. जंगली सफरचंदाचा वाळवलेला आकडा आणि बाजारच्याचा ताजा आकडा शेजारी शेजारी ठेवून बोंब मारणारे लोक मी बघितलेत, पुतणीच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये पण तेच होतं.

उरलेल्या फळांचा जावेने मेथांबा केला. तेलात मेथीदाणे, मोहरी, हिंग, हळद, बिया काढलेल्या फोडी, तिखट, मीठ, आणि गूळ नेहमीपेक्षा दीडपट कारण आंबटच तेवढं. पेक्टिनमुळे थंड झाल्यावर असा आळला की चमचा उभा राहत होता. बाजारच्या सफरचंदाचाही थोडा करून बघितला, पातळ आणि नुसता गोड झाला. पुतणीने त्या बरणीवर मार्करने "ब्लँक" लिहिलं. क्रॅबची बरणी दिवाळीच्या आधीच साफ झाली, ब्लँक अजून फ्रीजमध्ये मागच्या बाजूला आहे, कोणाला हवी असेल तर घेऊन जा.